डेंगीनंतरचा थकवा, उडालेली झोप आणि नाईट ड्युटी: एका सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स. सात आठवड्यांपूर्वी डेंगी झाला, प्लेटलेट २८ हजारांपर्यंत उतरल्या, आता अडीच लाख आहेत. तीन आठवड्यांची रजा संपवून ड्युटीवर हजर झाल्या. नाईट करून घरी आल्यावर दोन-अडीच तासांत जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. ऑफच्या रात्री दोन वाजेपर्यंत तळमळ. स्टॅमिना वाढावा म्हणून सकाळी अर्धा तास चालायला सुरुवात केली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणून सोबतच्या सिस्टर म्हणतात, 'मनावर घेतलंयस.' झोपेची गोळी सुरू करू का आणि नाईट बंद करून मागू का, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

सिस्टर, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी गुंता सोडवायला हवा. तुम्हाला एकच त्रास नाही, दोन आहेत. एक, व्हायरल आजारानंतर मागे राहिलेला थकवा. दोन, शिफ्टच्या पाळ्यांमुळे विस्कटलेली झोप. दुसरा त्रास तुम्हाला डेंगीच्या आधीही थोडाफार होताच, फक्त शरीर तो निभावून नेत होतं. आता ती शिल्लक संपली आहे. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात, म्हणून ते वेगवेगळे हाताळावे लागतात, आणि ठरावीक क्रमाने. झोपेच्या गोळीपासून सुरुवात केली तर क्रम उलटा होतो.

'मनावर घेतलंयस' याचं आधी बघू, कारण ते ऐकून माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागतो आणि झेपत नसताना जास्त काम ओढतो. आपल्याकडे डेंगीतून बरं होणं म्हणजे प्लेटलेट वाढणं असं समीकरण झालं आहे. घरचे रोजचा आकडा विचारतात, तो दीड लाखाच्या वर गेला की पेढे वाटायचेच बाकी राहतात. पण प्लेटलेटवरून रक्तस्रावाचा धोका टळला एवढंच कळतं. स्नायूंची ताकद, झोपेची घडी, उभं राहिल्यावर नाडी आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा यांची खबर त्या आकड्यात नसते. डेंगीनंतर काही आठवडे, कधी काही महिने, थकवा राहणं हे नेहमी दिसणारं आहे. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावी ग्रंथींचा ताप (ग्लँड्युलर फीव्हर), क्यू फीव्हर (जनावरांकडून येणारा जिवाणूंचा ताप) आणि रॉस रिव्हर व्हायरस (डासांमुळे पसरणारा) या तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या रुग्णांवर सलग लक्ष ठेवलं गेलं. २००६ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोक थकव्याने बेजार होते, आणि कोण बेजार राहणार हे मुख्यतः मूळ आजार किती तीव्र होता त्यावर ठरलं, आधीच्या मनःस्थितीवर नाही.

दवाखान्यातल्या माणसांच्या बाबतीत तर हा इतिहास जुना आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये दीर्घ थकवा मागे ठेवणारी साथ आली आणि जवळपास ३०० कर्मचारी आजारी पडले. हॉस्पिटल दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावं लागलं. पुढे १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, त्या रुग्णांना न तपासता फक्त केसपेपर वाचून, हा सामूहिक उन्माद होता असं मत मांडलं, आणि त्या शिक्क्याने अनेकांचं नुकसान झालं. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर टोरांटोत जे लोक अंगदुखी, थकवा आणि न विसावणाऱ्या झोपेमुळे कामावर परतू शकले नाहीत, त्यांतही बहुतेक आरोग्य कर्मचारीच होते. म्हणजे तुमच्यासोबत जे घडतंय ते नवं नाही आणि काल्पनिकही नाही.

आता 'रिपोर्ट नॉर्मल'बद्दल. कोणते रिपोर्ट, आणि कधी केलेले? डिस्चार्जच्या वेळचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी (लिव्हरची तपासणी) यांवर हा निष्कर्ष काढता येत नाही. थकवा चार-सहा आठवड्यांहून पुढे गेला की मी एवढं एकदा बघतो: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज) सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व, उपाशीपोटी साखर, क्रिएटिनिन, लिव्हर, लघवी, ईसीजी, आणि पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची तपासणी. यातला फेरिटिन नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. कुठल्याही संसर्गात फेरिटिन वाढतं, डेंगीत तर ते फारच चढतं. तापाच्या वेळी किंवा लगेच नंतर फेरिटिन १५० आलं म्हणून लोहाचा साठा भरलेला आहे असं होत नाही. सीआरपी खाली आल्यावर ते पुन्हा करावं. ३० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन १२ असूनही लोह कमी आहे असं धरून उपचार करतो. गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते, उलट शोषण चांगलं होतं. चहा मात्र गोळीच्या तासभर आधी आणि तासभर नंतर नको. वॉर्डातल्या चहाची सवय बघता याच कारणाने निम्मी गोळी वाया जाते. टीएसएचही आजारपणात तात्पुरतं हलतं, त्यामुळे किंचित इकडेतिकडे आलेल्या एका आकड्यावर गोळी सुरू करू नये. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करावं.

तुम्ही मेडिसिन वॉर्डात आहात, म्हणून आणखी एक. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, यांपैकी काहीही असेल तर आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. डेंगीनंतरचा अशक्तपणा म्हणत टीबी महिनोन्‌महिने अंगावर काढल्याची उदाहरणं आपल्या व्यवसायात कमी नाहीत. छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी नाडी १२० च्या वर राहणं, यात वाट बघायची नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

एक तपासणी तुम्ही स्वतः वॉर्डात करू शकता, फक्त शेजारी दुसऱ्या सिस्टर उभ्या असू द्या. दहा मिनिटं शांत आडवं पडा, नाडी आणि बीपी लिहा. मग उभ्या राहा, पाठ भिंतीला टेकवा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. दहा मिनिटं न बोलता, न हलता, दर मिनिटाला नाडी आणि बीपी. पहिल्या तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो आहे. बीपी टिकून आहे पण नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून वरच राहिली, तर उभ्या स्थितीत नाडी सांभाळणारी यंत्रणा बिघडली आहे. भोवळ वाटली तर लगेच थांबायचं. नर्सचं काम म्हणजे सात-आठ तास उभं राहणं, त्यामुळे ही गोष्ट सापडली तर अर्ध्या थकव्याचं कोडं सुटतं. उपायही साधे आहेत: दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी, जेवणात मीठ जरा सढळ, पोटरी-मांडीवर दाब देणारे मोजे, औषधं भरणं आणि चार्ट लिहिणं बसून. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मीठ-पाण्याचा हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

आता तुमच्या चालण्याकडे येतो. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं. नुसत्या झोपून राहण्याने कमी झालेली ताकद असेल तर चालल्यावर त्याच दिवशी दमायला होतं, पाय दुखतात, रात्री झोप बरी लागते आणि सकाळी हलकं वाटतं. तुमचं तसं नाही. त्या दिवशी जमतं आणि २४ ते ४८ तासांनी कोसळायला होतं: अंग ठेचल्यासारखं, डोकं बधिर, घसा खवखवतो, झोपून उठलं तरी झोपल्यासारखं वाटत नाही. श्रमानंतर उशिराने येणारी ही पडझड ओळखली नाही तर माणूस बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकतो आणि पुढचे तीन दिवस त्याची किंमत मोजतो. म्हणून 'रोज थोडं थोडं वाढवत न्या' हा सरसकट सल्ला इथे चालत नाही. दीर्घ थकव्याच्या आजारात ठरावीक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली, ती याच कारणाने. तुम्हाला तो आजार आहे असं मी म्हणत नाही. त्या निदानासाठी काही निकषांत किमान तीन, काहींत सहा महिने जावे लागतात. पण श्रमाला शरीर ज्या रीतीने उत्तर देतंय ते बघता काळजी तीच घ्यायची.

मोबाईलमध्ये चौदा दिवस तीन गोष्टी नोंदवा: एकूण पावलं, ड्युटी कोणती, आणि रात्री झोपण्याआधी थकव्याला ० ते १० पैकी गुण. दोन आठवड्यांनी मागे वळून बघताना गुण वाढलेल्या दिवसाच्या आधीचे दोन दिवस तपासा, तोच दिवस नव्हे. किती पावलांनंतर, कोणत्या ड्युटीनंतर पडझड येते हे त्यातून कळतं. त्या मर्यादेच्या बऱ्याच आत, म्हणजे वाईट दिवशीही झेपेल एवढीच हालचाल काही काळ ठेवायची. सलग दहा दिवस पडझड झाली नाही तर १० टक्के वाढवायची आणि पुढचे दोन दिवस बघायचे. आली तर मागच्या पायरीवर परत. मर्यादेत घरचं कामही धरायचं. भांडी, पोळ्या, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचा दवाखाना, हे सगळं त्याच खात्यातून खर्च होतं, आणि बायकांच्या नोंदीत नेमकं तेच गाळलेलं असतं.

झोपेचं बघू. रात्रपाळी संपवून आल्यावर दोन-अडीच तासांतच जाग येणं हे शरीराच्या घड्याळाला धरूनच आहे. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि मग चढू लागतं. तुम्ही नऊला आडव्या होता तेव्हा घड्याळ 'उठा' म्हणत असतं. रात्रभराच्या जागरणाचा दाब तुम्हाला झोपवतो, तो थोडा ओसरला की घड्याळ जिंकतं. धडधाकट माणूस सलग सहा-सात नाईट यावर रेटून नेतो. तुमच्यासारख्या अवस्थेत पाच तासांची तूट दुसऱ्या दिवशीच पडझड म्हणून बाहेर येते. म्हणून पुस्तकात रात्रपाळीसाठी जे उपाय असतात, अंधारी खोली, दुपारी पुन्हा एक झोप, ऑफच्या दिवशीही काही समान तास झोपणं, ते योग्य असले तरी दोन खोल्यांच्या घरात, कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल सांभाळत ते पुरेसे होत नाहीत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: हो, नाईट काही काळासाठी बंद करून घ्या. सगळ्यात आधी काढायची ती नाईट, आणि सगळ्यात शेवटी परत घ्यायची तीही नाईट.

नाईट थांबल्यावर घडी बसवायची ती उठण्याच्या वेळेने. मॉर्निंग असो की इव्हनिंग की ऑफ, उठण्याच्या वेळेत एका तासापेक्षा जास्त फरक नको. उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं बाहेरचा उजेड डोळ्यांना मिळू द्या, गच्चीत बसून चहा घेतला तरी चालेल, चालायची सक्ती नाही. दुपारी डुलकी हवी तर तीनच्या आत, अर्ध्या तासाचा गजर लावून. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही रक्तात असतो, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त वेळ. झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. वीस मिनिटांच्या अंदाजाने झोप नाही लागली तर उठून मंद दिव्यात बसायचं. घड्याळ मात्र बघायचं नाही. निद्रानाशाच्या उपचारात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची एक पद्धत आहे, ती प्रभावी आहे, पण उशिरा पडझड येणाऱ्या माणसाला, शिवाय इंजेक्शनं भरणाऱ्या माणसाला, ती मी सुरुवातीला देत नाही. त्यातली सुरुवातीची तूट तुम्हाला परवडणारी नाही. घोरणं असेल, सकाळी डोकं दुखत असेल, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर झोपेत श्वास अडकतो का हे तपासून घ्या. बायकांमध्ये हे फार उशिरा शोधलं जातं.

गोळीचा प्रश्न. वॉर्डात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या गोळ्या हाताशी असतात, म्हणून स्पष्टच लिहितो. अल्प्राझोलामचा निम्मा अंश साधारण अकरा तासांनी उतरतो, क्लोनाझेपामला तीस-चाळीस तास लागतात. सकाळी नाईटहून येऊन अर्धी क्लोनाझेपाम घेतलीत तर रात्री इन्सुलिन भरताना ती तुमच्या रक्तात असते. झोलपिडेम हे झोपेचं औषध लवकर उतरतं, पण बायकांच्या शरीरातून हळू. म्हणूनच २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने बायकांसाठी त्याचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला. यांतली कोणतीही गोळी स्वतःहून सुरू करू नका. फेनिरामिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी येते ती गुंगी, तिचीही सवय लागते आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड राहतं. मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, त्यामानाने निरुपद्रवी आहे, पण अपेक्षा माफक ठेवा. रात्रपाळीनंतरच्या दिवसाच्या झोपेत त्याने सरासरी वीस-पंचवीस मिनिटांची भर पडते. तुमच्या ऑफच्या रात्रीच्या त्रासासाठी, म्हणजे झोप उशिरा लागण्यासाठी, अर्धा ते तीन मिलिग्रॅम, झोपेच्या ठरलेल्या वेळेच्या दीड-दोन तास आधी, तीन-चार आठवडे वापरून बघण्यासारखं आहे. गरोदरपण, स्तनपान, वॉरफेरिन (रक्त पातळ करणारी गोळी) किंवा मानसोपचाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि सलाईन. ड्युटी संपल्यावर साइड रूममध्ये आडवं होऊन मल्टीव्हिटॅमिन टाकलेली बाटली लावून घ्यायची पद्धत सगळीकडे आहे. तासभर बरं वाटतं, कारण तेवढा वेळ तुम्ही आडव्या असता आणि अर्धा लिटर पाणी आत जातं. तेच काम ओआरएसचं एक लिटर आणि तासाभराची विश्रांती करते, शिरेला सुई न टोचता.

ड्युटीचं मेट्रनमॅडमना सांगताना 'मला बरं वाटत नाही' असं मोघम सांगू नका, कारण त्याला 'कुणालाच वाटत नाही' हे उत्तर तयार असतं. डॉक्टरांकडून मुदतीसह लेखी घ्या. मी साधारण असं लिहितो: चार आठवडे फक्त मॉर्निंग, शक्यतो ओपीडी किंवा इंजेक्शन रूम, दर दोन तासांनी दहा मिनिटं बसायला, पुढचे चार आठवडे मॉर्निंग आणि इव्हनिंग, पण इव्हनिंग संपवून लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग नाही, दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तास, त्यानंतर फेरतपासणी करून आधी दोनच नाईट, पाठोपाठ ४८ तास सुट्टी, डबल ड्युटी पूर्ण बंद. पाळी बदलताना मॉर्निंगवरून इव्हनिंग आणि मग नाईट, या दिशेने. उलट दिशा शरीराला जड जाते. मुदत लिहिलेली असली की प्रशासनाला रोस्टर लावता येतो आणि सहकाऱ्यांनाही ही कायमची सवलत नाही हे दिसतं. मनुष्यबळाची टंचाई मला ठाऊक आहे. तरीही दोन महिने नाईट न करणारी सिस्टर ही सहा महिने रजेवर गेलेल्या सिस्टरपेक्षा वॉर्डाला जास्त उपयोगी पडते, हे मेट्रनला पटतं.

अर्ज मंजूर होईपर्यंत एखादी नाईट करावीच लागली तर ड्युटीआधी संध्याकाळी दीड तास झोपा, शेवटचा चहा रात्री दोनच्या आत घ्या, आणि इनचार्जच्या परवानगीने दोन ते चारच्या दरम्यान वीस मिनिटं डोळे मिटा. उठल्यावर अर्धा तास औषधं भरू नका, कारण त्या वेळी मेंदू पुरता जागा झालेला नसतो. पहाटे चार ते सहा या वेळात इन्सुलिन, हेपारिन आणि पोटॅशियम क्लोराईड दुसऱ्या सिस्टरकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय देऊ नका. सकाळी स्कूटी चालवत घरी जाऊ नका, बस किंवा रिक्षा करा. दिवसा झोप यावी म्हणून वाटेत काळा गॉगल लावा असा सल्ला दिला जातो, तो मागे बसणाऱ्यासाठी आहे, हँडल धरणाऱ्यासाठी नाही.

किती दिवस लागतील? डेंगीनंतरचे बहुतेक लोक तीन महिन्यांत बऱ्यापैकी सावरतात. तुम्ही सातव्या आठवड्यात आहात आणि अजून नीट विश्रांती मिळालेलीच नाही, म्हणून माझा हिशेब नाईट बंद झाल्यापासून सुरू होतो. त्यानंतर सहा आठवड्यांनी नोंदवहीत पडझडींची संख्या आणि लांबी कमी दिसायला हवी, रोजचा थकवा थोडा इकडेतिकडे असला तरी. तसं दिसत नसेल, किंवा सांधे सुजत असतील (डेंगी आणि चिकनगुनिया एकाच मोसमात येतात आणि कधी एकाच माणसाला होतात), तर फिजिशियनकडे नोंदवही घेऊन जा. थकव्यापेक्षा उदासीच जास्त जाणवत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सहा आठवडे थांबायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि तिथे बोलण्यासाठी हॉस्पिटलमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.